चिट्यालअण्णांची खळ

राजेशम चिट्याल यांच्या दुकानावर पाटी नाही. साखर पेठेतल्या त्या बोळात शिरलं की आधी खळीचा वास येतो आणि वासाचा माग काढत गेलं की अण्णा सापडतात. पुढे दुकान, मागे घर. दुकानात कागद कापायचं मशीन, पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा, दोऱ्याची रिळं आणि कोपऱ्यात स्टोव्हवर खळीचं पातेलं. उंबऱ्याच्या आत त्यांच्या पत्नी हेमावतीबाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत असतात. दोघांची तोंडं एकमेकांकडे नसतात, पण तेलुगूत बोलणं दिवसभर चालू असतं. गिऱ्हाईक आलं की दोघंही मराठीत येतात.

मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. त्यातली वीस वर्षं शाळेचं ग्रंथालय माझ्याकडे होतं, आणि ग्रंथालय म्हटलं की बाइंडर आलाच. अण्णांची ओळख तेव्हापासूनची. आता ते त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. अंगात बंडी, कानावर पेन्सिल, आणि बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता त्याच्या हातातल्या पुस्तकाकडे बघायची सवय.

त्यांचे वडील हातमागावर बसायचे. सूत ताठ राहावं म्हणून सुताला खळ द्यायचे. अण्णा चौदाव्या वर्षी एका छापखान्यात बाइंडिंग शिकायला लागले. "बापानं सुताला लावली, मी कागदाला लावतो," ते म्हणायचे. "धंदा बदलला. पातेलं तेच हाय." मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत राहायचं, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकायचा, अशी त्यांची कृती. बाकीचे बाइंडर केव्हाच डब्यातल्या पांढऱ्या गोंदाकडे वळले होते. झटपट वाळतो, ढवळत बसावं लागत नाही. मीही एकदा म्हटलं होतं, "अण्णा, तुम्ही का नाही वापरत?"

"बाई, पांढरा गोंद म्हणजे लगीन लावून दाराला बाहेरून कुलूप. पुन्हा सुटका नाही. खळीचं तसं नसतं. नाही पटलं, पाणी लावा, अर्ध्या तासात दोघं मोकळी."

आतून हेमावतीबाई म्हणाल्या, "पन्नास वर्षं झाली बाई, मला कुणी पाणी लावलं नाही."

अण्णांची दुसरी सवय म्हणजे काही टाकायचं नाही. विणकराच्या घरात सुताचं तुटकं टोकही गाठ मारून वापरतात. अण्णा मशीनवर पुस्तकाच्या कडा कापायचे आणि चांगल्या चिवट कागदाच्या पट्ट्या एका पत्र्याच्या डब्यात जमवायचे. पुस्तकाची पाठ मजबूत व्हावी म्हणून कातड्याच्या आत कागदाचं अस्तर लावावं लागतं. त्यासाठी त्यांना नवा कागद आवडत नसे. "नवा कागद म्हणजे पापड, वाकवला की मोडला," ते म्हणत.

१९९६ साली शाळेचा मोठा समारंभ होता. ग्रंथालयात एका जुन्या साप्ताहिकाचे सुटे अंक गठ्ठ्यांनी पडले होते. अण्णांनी त्यांचे बारा खंड बांधले. लाल कातड्याची पाठ, त्यावर एकेक अक्षर तापवून उठवलेली सोनेरी नावं. पाहुण्यांनी भाषणात त्यांचं नाव घेतलं, शाल दिली. खंड मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर काचेच्या कपाटात उभे राहिले. त्यानंतर अण्णा कधीही शाळेत आले तरी त्या कपाटापाशी थांबायचे नाहीत. फक्त तिथून जाताना त्यांची चाल थोडी मंद व्हायची.

त्याच उन्हाळ्यात मी त्यांना नऊ जुन्या वह्या दिल्या होत्या.

सोलापुरातल्या एका वृद्ध गृहस्थांनी त्या शाळेला दिल्या होत्या. त्यांचे आजोबा शंभर वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका विद्यार्थी-वसतिगृहाचे व्यवस्थापक होते. तेव्हा इकडे कुठलं विद्यापीठ? सगळा मुलूख मुंबई विद्यापीठाखाली, आणि आपल्या जिल्ह्यातला मुलगा मॅट्रिक झाला की कॉलेजसाठी पुणं गाठायचा. अशा मुलांची राहण्याजेवण्याची सोय त्या वसतिगृहात होती. वह्या १९०९ ते १९१७ च्या. एका आठवड्याला एक पान. मुलांची नावं, कोण कॉलेजात गेलं, कोण जेवायला होतं, दिवा कुणाकडे. हे सगळं स्वच्छ बाळबोध अक्षरात. आणि पानाच्या बाहेरच्या कडेला मोडीतल्या बारीक ओळी. कडा हाताळून काळ्या पडलेल्या, दुमडलेल्या.

अण्णांनी वही दोन्ही हातांत तोलली. "बाई, कडा काढू का? दोन बोटं जातील. पण वही सरळ उभी राहील."

मी कडेकडे पाहिलं. मोडी मला येत नव्हती, त्यांनाही येत नव्हती. आम्हा दोघांना त्या नुसत्या रेघोट्या वाटल्या.

"काढा," मी म्हटलं.

अठ्ठावीस वर्षं त्या वह्या ग्रंथालयाच्या कपाटात सरळ उभ्या होत्या.

गेल्या वर्षी श्रावणात अपेक्षा बंडगर माझ्या जुळे सोलापुरातल्या घरी आली. इथल्या विद्यापीठात इतिहासात पीएच.डी. करते. नातेपुत्याजवळच्या वस्तीवरची, मेंढपाळ घरातली. विषय घेतला होता शंभर वर्षांपूर्वीच्या कॉलेजातल्या मुलांचं रोजचं जगणं. वह्यांबद्दल कुणाकडून तरी तिला कळलं होतं. मी तिला शाळेत घेऊन गेले. हल्लीचा मुख्याध्यापक इंद्रजीत माझाच विद्यार्थी. त्याने एक टेबल दिलं.

पुढचे पंधरा दिवस ती तिथे बसायची आणि संध्याकाळी मला फोन करायची. "बाई, पहाटे पाचला घंटा. आंघोळ हौदावर, गार पाण्यानं. साडेदहाला कॉलेज. दोघांत एक दिवा, आणि दिव्यावरनं भांडणं किती! शनिवारी सगळ्यांनी घरी पत्र लिहायचंच, न्हाय लिहिलं तर जेवण उशिरा." तिला त्या मुलांची नावं पाठ झाली होती. वर्गमित्रांबद्दल बोलावं तशी ती त्यांच्याबद्दल बोलायची.

मग एक दिवस ती घरीच आली. वहीच्या पानांचे फोटो तिच्या मोबाइलवर होते.

"बाई, हे बघा. कडेला. ही अक्षरांची शेपटं हायेत."

मी चष्मा लावला. पानाच्या कापलेल्या कडेपाशी शाईचे बारीक तुकडे होते. कुठे अर्धी वेलांटी, कुठे एखाद्या ओळीचं टोक.

"मोडी हाय. मी कोर्स केलाय मोडीचा. प्रत्येक पानाला वसतिगृहाचे मास्तर कडेला शेरे लिहीत होते. कुणीतरी कापलेत."

मी तिला लगेच सांगितलं नाही. आधी चहा केला. मग सांगितलं.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त एक पान उघडून दाखवलं. १९११ च्या जूनमध्ये एक नाव होतं, बिरू धुळा, प्रीव्हियसचा वर्ग, म्हणजे तेव्हाचं कॉलेजचं पहिलं वर्ष. गाव तिचंच. नोव्हेंबरपर्यंत नाव होतं. मग त्यावर लाल रेघ. कारण कडेला लिहिलेलं असणार, आणि कड नव्हती.

"आमच्या वस्तीवर म्हण हाय बाई. कुणी काम अर्धं टाकलं की म्हणत्यात, बिरूचं शिक्षान. म्हणं आपल्यातला एक जण पुण्याला कॉलेजात गेलता, डोकं चाललं न्हाय, हाकलून दिला. मी पहिल्यांदा सोलापूरला आले ना, तर चुलता एस.टी.पाशी सगळ्यांदेखत म्हणाला, जा जा, बिरूचं शिक्षान करून ये." ती हसली, पण नीट हसू आलं नाही. "मला वाटायचं नुसती म्हणच हाय. हा खरा निघाला. आता मला कळायला पायजे, हाकलला का न्हाय."

दुसऱ्या दिवशी इंद्रजीतकडून वह्या मागून घेऊन आम्ही साखर पेठेत गेलो.

अण्णांनी एक वही घेतली, पान उघडलं आणि कडेवरून अंगठा फिरवला. त्यांचा उजवा हात तीन वर्षांपासून थरथरतो. हल्ली ते फक्त कॉलेजांच्या फायली शिवतात. कातड्याचं, सोनेरी अक्षरांचं काम हातून सुटलं आहे. अपेक्षाने शेरे, मोडी, बिरू, सगळं सांगितलं. अण्णा वहीकडे बघत ऐकत होते.

"मी कापलं," ते म्हणाले.

"मी कापायला सांगितलं," मी म्हटलं.

"हात माझा होता की बाई." मग त्यांनी वहीचा कागद बोटांत धरून हलवला, कानाशी नेला, त्याचा आवाज ऐकला. "हा कागद मी टाकला नसणार."

आतून हेमावतीबाई म्हणाल्या, "हा माणूस सुताचं टोक टाकत नाही, असला कागद काय टाकतोय!"

"मग कुठं असंल, आजोबा?" अपेक्षाने विचारलं.

अण्णांना उत्तर ठाऊक होतं हे मला त्यांच्या मानेवरून कळलं. त्यांनी खळीच्या पातेल्यात उगाच दोनदा ढवळलं.

"त्या उन्हाळ्यात मी एकच मोठं काम केलं, अम्मा," ते म्हणाले. त्यांच्यात मुलीलाही अम्मा म्हणतात. "त्या बारा खंडांच्या पाठीत. लाल कातड्याच्या आत."

पाठ उघडायची म्हणजे कातडं काढायचं, आणि निघालेलं जुनं कातडं पुन्हा तसं बसत नाही. त्यावरची सोनेरी अक्षरंही जातात. नवं करायला हात राहिला नव्हता.

मी इंद्रजीतला विचारलं. तो म्हणाला, "बाई, अंक काय, सगळे आता स्कॅन झालेत. ती कपाटातली शोभा आहे. पण शोभा चिट्यालअण्णांची आहे. ते म्हणतील तसं."

आठ दिवस गेले. अपेक्षा रोज विचारायची नाही, पण फोन करायची. मीही अण्णांना विचारलं नाही. नवव्या दिवशी सकाळी इंद्रजीतचा फोन आला. "बाई, अण्णा रिक्षा घेऊन आलेत. कपाटाची किल्ली मागतायत."

मी पोचले तेव्हा बारा खंड रिक्षात लागले होते आणि अण्णा त्यांच्या शेजारी बसले होते. "पुढं बसा बाई," ते म्हणाले. "मागं जागा नाही."

दुकानात त्यांनी पहिला खंड शिकंज्यात पाठ वर करून धरला. मऊ धोतराचा तुकडा भिजवून, पिळून पाठीवर पसरला. "आता अर्धा तास," ते म्हणाले आणि बाकावर बसले. हेमावतीबाईंनी चहा दिला. अपेक्षा उभीच होती. अर्ध्या तासाने त्यांनी फडकं उचललं, चपटी लाकडी पट्टी कातड्याखाली सरकवली. हात थरथरत होता. हेमावतीबाई सूप बाजूला ठेवून उठल्या, बाहेर आल्या आणि त्यांनी अण्णांचं मनगट धरलं. तसंच धरून ठेवलं. कातडं हळूहळू निघालं. वरची अक्षरं सुरकुतून फुटली. अण्णांनी ते कातडं वळून न बघता मागे ठेवलं.

आत कागदाच्या पट्ट्या होत्या. शेजारी शेजारी, दोन थर. ओल्या कागदावर काळी शाई उठून दिसत होती.

"पुसंल का?" अपेक्षा कुजबुजली.

"जुनी शाई हाय. पाण्यानं जात नाही." अण्णांनी पहिली पट्टी सोडवली आणि स्वच्छ पुठ्ठ्यावर पसरली. "वाच, अम्मा."

अपेक्षा वाकली. थोडा वेळ ओठ नुसते हलले. मग ती मोठ्याने वाचायला लागली.

"'भाकरी कच्च्या. आचाऱ्यास ताकीद दिली.' पुढं... 'दोघे बंधू एकच कोट आळीपाळीने घालून कॉलेजात जातात. दुसरा करविणे.' आणि हे बघा, 'प्रोफेसर बोलतात ते मुलांस समजत नाही. विचारावयास भितात.'" तिने मान वर केली. "बाई, आजपण असंच हाय की!"

अण्णा पहिल्यांदा हसले. "कच्च्या भाकरीवर मी अठ्ठावीस वर्षं सोनं लावून ठेवलं होतं म्हणा."

पुढचे तीन आठवडे हेच चाललं. एका दिवसात एक खंड, कधी तोही नाही. पट्ट्या सुकल्या की त्या कुठल्या पानाच्या ते शोधायचं. ते काम अपेक्षापेक्षा अण्णांना चांगलं जमायचं. वाचता येत नव्हतं, पण पानाच्या कडेवरचं शाईचं शेपूट आणि पट्टीवरचं तुटलेलं टोक ते बरोबर जुळवायचे. तुटलेला धागा विणकर ज्या नजरेने शोधतो, ती नजर.

सातव्या खंडात लाल रेघेच्या पानाची पट्टी निघाली. अण्णांनीच जुळवली आणि तिच्यापुढे सरकवली.

अपेक्षाने ती आधी मनात वाचली. मग खुर्चीवर बसली, आणि सावकाश वाचून दाखवली. "'बिरू धुळा घरी गेला. बापाचा पाय मोडला. मेंढरे कोकणात उतरविण्यास दुसरे कोणी नाही. वर्गात इंग्रजीत तिसरा होता. जेवणातून नाव कमी केले. येईन म्हणतो. खाट राखावी.'"

हेमावतीबाईंनी पदराने डोळे पुसले आणि अण्णांना तेलुगूत काहीतरी विचारलं. ते मला म्हणाले, "ती विचारते, लाल रेघ मग कशाची?"

"जेवणाची," मी म्हटलं. "फक्त भाकऱ्या कमी करायची."

"म्हणजे हाकलला नव्हता," अण्णा म्हणाले.

"न्हाय," अपेक्षा म्हणाली. "तिसरा होता."

त्यानंतर ज्या पट्ट्या निघाल्या त्यांत आम्ही सगळेच एक शब्द शोधायचो. आठव्या खंडात सापडला, १९१२ चा फेब्रुवारी. 'बिरूची खाट नवा मुलगा मागतो. दिली नाही.' दहाव्यात त्याच वर्षीचा जून. 'खाट राखली आहे.' अकराव्यात पुढच्या वर्षाचा जानेवारी. 'माणदेशाकडील एकाकडे निरोप धाडला. खाट आहे म्हणून सांगावे.'

राहिला बारावा खंड. त्या दिवशी अण्णांनी फडकं भिजवलं, पाठीवर पसरलं, अर्धा तास झाला, एक तास झाला. कातडं हललं नाही.

"काय झालं, अण्णा?"

त्यांनी लाकडी पट्टी खाली ठेवली. "समारंभ दुसऱ्या दिवशी होता, बाई. खळ वाळायला वेळ नव्हता. हा एक मी शेजारच्याकडून डबा आणून पांढऱ्या गोंदानं केला. आयुष्यात एकदाच." मग खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्हाला सांगितलं नव्हतं."

त्यांनी प्रयत्न केला. दोन दिवस केला. कातडं निघालं ते अस्तर फाडूनच निघालं. कागदाचे पापुद्रे हाताला आले. एका तुकड्यावर अपेक्षाला 'बिरू' एवढं लागलं. पुढचं नाही. ते 'बिरू आला' होतं की 'बिरू येत नाही' होतं, की 'बिरूची खाट दिली', कुणालाच सांगता येणार नाही. १९११ नंतरच्या वह्यांच्या बाळबोध पानांत ते नाव नाही, इतकंच.

अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत, असं हेमावतीबाईंनी मला नंतर सांगितलं.

दिवाळीला अपेक्षा गावी जाऊन आली. येताना साखर पेठेत घोंगडी घेऊन आली, अण्णांसाठी. मी तिथेच होते.

"सांगितलं का वस्तीवर?" मी विचारलं.

"सांगितलं की. चुलत्याला सगळं वाचून दाखवलं. तिसरा होता, खाट राखली व्हती, सगळं."

"मग काय म्हणाले?"

"मग म्हणतो, 'खाट राखली व्हती तर गेला का न्हाय गाढव?' मी म्हटलं, 'मग मेंढरं तुमी राखली असती का?' तर आजी आतनं म्हणाली, 'ह्यो? ह्याला सोताची चप्पल राखता येईना.'" अपेक्षा आता मनापासून हसली. "पण निघताना एस.टी.पाशी आला. माझी पिशवी घेतली. ती म्हण काय काढली न्हाय."

अण्णांनी घोंगडी उलटून तिची शिवण बघितली, मान डोलावली, आणि कपाटातून नऊ वह्या काढून तिच्यापुढे ठेवल्या.

त्यांनी त्या नव्याने शिवल्या होत्या. सापडलेली प्रत्येक पट्टी पातळ कागदावर चिकटवून तिच्या पानाशेजारी बसवलेली. खळीनेच. जिथे पट्टी सापडली नाही तिथे तेवढ्याच रुंदीचा कोरा कागद. कडा मशीनला लावल्याच नव्हत्या. वह्या वेड्यावाकड्या दिसत होत्या आणि टेबलावर धड उभ्याही राहत नव्हत्या. साप्ताहिकाचे बारा खंड साध्या कापडात बांधून झाले होते. पाठीवर बॉलपेनने आकडे, थोडे हललेले. इंद्रजीतने ते काचेच्या कपाटात परत लावू का म्हणून विचारलं, तर अण्णांनी ग्रंथालयाच्या मांडणीवर ठेवायला सांगितलं.

अपेक्षा १९१३ ची वही चाळत शेवटाला आली आणि थांबली. "आजोबा, हितं चार पानं कोरी हायेत. ही जुन्या वहीत नव्हती."

"मी घातली."

"कशाला?"

अण्णांनी कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा तिथेच लावली. "तू शोधणारच आहेस की अजून. कुठं सापडला तर लिहायला जागा पाहिजे." मग आत वळून त्यांनी तेलुगूत काहीतरी सांगितलं, आणि हेमावतीबाईंनी स्टोव्हवरचं खळीचं पातेलं उतरवून चहाचं आधण ठेवलं.